लेखणी उचलली ती जागा

पोलिसांच्या जुन्या फायली स्कॅन करते मी,
पानाला सव्वा रुपया. फाटलं तर माझ्या पैशातून.
मोडी येते म्हणून ठेवलंय.

मोडीत लेखणी सहसा उचलत नाहीत.
टेकवली की शब्द एकमेकांचा हात धरून
ओळ संपेपर्यंत चालत राहतात.
सन अडतीसच्या या पंचनाम्यात मात्र
एका जागी उचललीय.
"डोक्यास", मग शाईचा ठिपका मसुराएवढा,
मग "मागील बाजूस जखम".

मयत पायगोंडा मगदूम, गुळाचे अडते, शाहूपुरी.
हत्यार पाच शेरी माप.
लिहिणार गणो विठ्ठल हेर्लेकर, कारकून.

हमाल धुळाप्पाची जबानी:
मालक भित्तीची पाठ सोडायचं न्हाईत.
जेवताना न्हाई, हिशेबाला न्हाई.
अंबाबाईला गेलं तरी
मागं सरकत सरकत भाईर यायचं.

मग मागून मारलं कुणी?
पुढची दोन पानं गुळाच्या डागानं चिकटलेली.
नखानं हळूच सोडवायला गेले
आणि मळीचा वास आला, ताजा, गरम,
पायाखाली फरशीऐवजी गोणपाट.

मार्गशीर्ष. थंडी नाकात शिरणारी.
अडतीच्या दारात एकजण रव्यांवर बसून विडी ओढत होता.
तारीख विचारली. बुधवार, म्हणाला.
साल विचारलं तर हसला:
"पावण्या वाट चुकतात, बाई. साल कुनी चुकतंय व्हय?"

मागच्या बोळातून आत गेले, ढिगाआड.
कंदील. भिंतीला पाठ लावून मगदूम,
मांडीवर ते माप, तळहातानं तोलत.
"हे पाच तोळं हलकं हाय, हेर्लेकर.
सा वर्सं तुम्ही हिस्सा खाल्ला, मी पाप खाल्लं.
उद्या फौजदारांच्या म्होरं ठेवनार."
आणि माप त्यांनी खाली ठेवलं, दोघांच्या मधे.

हेर्लेकर काही बोलला नाही. लिहीत होता.
मान वाकडी करून मी वाचलं
आणि पोटात गोळा आला:
मगदूम समोर श्वास घेत होते
आणि कागदावर मयत झाले होते.
पंच, जागा, हत्यार, सगळं तयार,
अक्षर सरळ, घाई नाही.
"डोक्यास" इथं येऊन तो थांबला.
लेखणी वर. पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी ओरडले. कुणीही ओरडलं असतं.
"मगदूम! उठा तिथून!"

ते उठले.
आयुष्यात पहिल्यांदा भिंत सोडून
माझ्याकडे वळून दोन पावलं आले,
डोळ्यांवर हात धरून बघत,
"कोन गं तू पोरी?"

पाच तोळे हलकं होतं ते माप.
मारायला पुरेसं जड होतं.

लेखणीतून थेंब पडला तो पाहिला मी.
मग हेर्लेकरनं हात धोतराला पुसले,
खाली बसला, ओळ पुरी केली,
आणि माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत,
सामानाची यादी करावी तसं पाहिलं.

चिकटलेल्या पानांत आता हे वाचते आहे:
"एक अनोळखी बाई, केस मानेवर कापलेले,
पायांत रबरी जोडा, हाती काळी काच,
मयतास नावाने हाक मारून पसार."
खाली शेरा: बाईचा शोध चालू.
त्याखाली, सत्तेचाळीसचा: शोध चालू.
हेर्लेकर पेन्शनीत निघाला असेल तोवर.

तानवडेसाहेब स्क्रीनवर वाकले.
"हा ठिपका फुटलाय. पान परत घ्या."
घेते म्हटलं.
या वेळी गप्प राहीन, मनाशी पक्कं केलं.
पण कागदावर हाक आधीच लिहिलेली आहे,
आणि नखाखाली गूळ
अजून ओला आहे.